आपण म्हणजे किती जण

शाल्मली पाटणकरला आठवं वर्ष लागलं तरी तिने शाळा आतून पाहिली नव्हती, आणि कराडच्या त्यांच्या सोसायटीत याचं कुणाला काही वाटत नव्हतं. निम्म्याहून जास्त मुलं आता घरीच शिकत. उलट एखाद्याने मुलाला शाळेत घातलं की शेजारीपाजारी हळूच विचारत, "का हो, काही अडचण आहे का?"

हा बदल घडवला अनुगुरूने. अनुगुरू म्हणजे मागून चालणारा गुरू. पूर्वीचा शिक्षक पुढे चालायचा आणि तीस-चाळीस मुलं त्याच्या मागे धावायची. कुणाला दम लागायचा, तर कुणी कंटाळून खिडकीबाहेर बघत बसायचं. अनुगुरूने हे उलटं केलं. मुलाच्या डोक्याला बांधायची एक मऊ पट्टी, मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारे तिच्यातले संवेदक, आणि त्या लहरी वाचून बोलणारा एक आवाज, एवढंच ते यंत्र. प्रत्येक मेंदूच्या लहरींना स्वतःचा एक ठेका असतो. कुणाचं लक्ष चटकन लागतं आणि चटकन उडतं, कुणाचं सावकाश लागून बराच वेळ टिकतं. अनुगुरू आपलं बोलणं बरोबर त्या ठेक्यावर बसवायचा. मूल थांबलं की तो थांबायचा, ते उत्सुक झालं की पुढचं सांगायचा. चुकलं तर रागवायचा नाही, हसायचा तर नाहीच. त्यामुळे मुलं भराभर शिकत, आणि शिकण्याचा त्यांना कंटाळा म्हणून येत नसे.

शाल्मलीने आपल्या अनुगुरूचं नाव भुंगा ठेवलं होतं. भुंग्याबरोबर ती सातवीचं गणित करायची, दगड हातात घेऊन त्याची जात सांगायची आणि आजोबाही अडतील अशी जुनी मराठी पत्रं वाचायची. तिचे बाबा प्रसन्न शेतीच्या ड्रोनची दुरुस्ती करत. लेकीच्या हुशारीचं कौतुक सांगताना त्यांच्या हातातलं काम थांबायचं. आई हर्षदा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात अभियंता होती. तिलाही मुलीचा अभिमान होता. काळजी करायची सवय मात्र घरात तिच्या एकटीच्याच वाट्याला आली होती.

त्या काळजीला निमित्त झालं दिवाळीतल्या किल्ल्याचं. सोसायटीतल्या मुलांनी जिन्याखाली मातीचा ढीग आणला होता. हर्षदाने शाल्मलीला आग्रहाने खाली पाठवलं आणि स्वतः गॅलरीत उभी राहून बघू लागली. शाल्मली ढिगापाशी गेली, दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दगड आणा. बुरूज कुठे घ्यायचे ते आम्ही सांगतो."

"आम्ही म्हणजे कोण गं?" एका मुलीने इकडेतिकडे बघत विचारलं.

"मी आणि भुंगा."

पोरं हसली. शाल्मलीला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तिला रागही आला नाही. ती कोपऱ्यात गेली आणि एकटीने एक देखणा किल्ला केला, तट, माची, पाण्याचं टाकं, सगळं जिथल्या तिथे. बाकीच्यांचा किल्ला तासाभराच्या भांडणानंतर वेडावाकडा उभा राहिला. त्यावर हळीव कुठे पेरायचे यावरून पुन्हा भांडण झालं. सगळ्यांचे हात एकाच चिखलाने भरले होते.

मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की तो आत येतो. ही सोय सगळ्या भाषांना नाही. त्या दिवसापासून हर्षदा लेकीचं बोलणं कान देऊन ऐकू लागली. शाल्मली 'मी' म्हणायची, 'तू' म्हणायची, भुंग्याला धरून 'आम्ही' म्हणायची. 'आपण जेवायला बसू', 'आपण आजीकडे जाऊ' असलं एकही वाक्य तिच्या तोंडून येत नव्हतं. आईबाबांनाही ती 'तुम्ही दोघं'च म्हणायची. हे लक्षात आल्यावर हर्षदाला सरळसरळ वाईट वाटलं.

"एका शब्दावरून काय निष्कर्ष काढतेस?" प्रसन्न म्हणाला. "पोरगी आनंदात आहे. खोटं बोलत नाही, रडत नाही, कुणाला घाबरत नाही. अजून काय पाहिजे?"

"तिला कुणी मैत्रीण नाही, प्रसन्न."

"मला होते ना चिकार मित्र! चौथीपर्यंत मला काय म्हणायचे माहिती आहे? ढ. नाव नाहीच, नुसतं ढ. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा माझ्या नावाला पोरं मागून 'ढ' म्हणून ओ द्यायची. बाईसुद्धा हसायच्या. मला वाचायला जरा वेळ लागायचा, बाकी काही नाही. भुंग्यासारखं कुणी थांबलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो. माझ्या मुलीला मी त्या वर्गात ढकलणार नाही."

तो म्हणत होता ते खरंच होतं. शाळा चांगली असते असं तिचंही म्हणणं नव्हतं. घर आणि शाळा यांची तुलना करायला बसलं की घराचंच पारडं जड व्हायचं. फक्त मुलगी एकटी आहे ही एक गोष्ट त्या तुलनेत कुठे मांडायची ते तिला कळत नव्हतं.

शेवटी दोघांनी एक मधला मार्ग काढला. कोल्हापूरला डॉ. समीना बागवान लहान मुलांच्या मेंदूवर संशोधन करत होत्या. त्यांना विचारायचं आणि त्या सांगतील ते ऐकायचं असं ठरलं.

डॉ. बागवान पन्नाशीच्या, बोलक्या बाई. त्यांनी आधी हर्षदाच्या आणि शाल्मलीच्या डोक्याला पट्ट्या बांधल्या, दोघींना समोरासमोर बसवलं आणि एकमेकींना गोष्ट सांगायला लावली. मग शाल्मलीला शेजारच्या खोलीत खेळायला पाठवून त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, एक निळी, एक केशरी.

"लेझीम खेळलाय कधी?" त्यांनी विचारलं.

"शाळेत असताना," हर्षदा म्हणाली.

"मग तुम्हाला हे लगेच कळेल. पहिल्या दिवशी प्रत्येकाची लेझीम वेगळी वाजते. चार दिवसांनी सगळ्यांची एकदम वाजायला लागते. कुणी कुणाकडे बघून ठरवत नाही, आपोआप होतं. मेंदूंचंही तसंच आहे. दोन माणसं मन लावून बोलायला लागली की त्यांच्या लहरी एका ठेक्यात येतात. याला आम्ही सहलय म्हणतो. सहलय जमली की समोरच्याचं अर्धं बोलणं न बोलता कळतं. पण ती जमवायला प्रत्येकाला आपला ठेका थोडा मोडावा लागतो. तुम्ही थोडं सरकता, समोरचा थोडा सरकतो."

"आणि शाल्मली?"

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही निळी रेघ तुमची. बघा, गोष्ट सुरू झाल्यावर कशी वाकत वाकत केशरीपाशी गेली. केशरी मात्र जागची हललेली नाही. तिला सहलयीची गोडी आहे बरं का, छान जुळते ती. पण जुळवून नेहमी समोरच्याने घ्यायचं. भुंगा रोज तेच करतो. स्वतःचा ठेका मोडायची तिच्यावर कधी वेळच आलेली नाही."

"पण मग यात वाईट काय आहे?" प्रसन्नने विचारलं. "आयुष्यभर तिने लोकांसाठी वाकायलाच हवं का? मी वाकलो, मला काय मिळालं?"

"वाकायला हवं असं मी म्हणत नाही. वाकता यायला हवं एवढंच म्हणते," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ते शिकायचं एक वय असतं. नवव्या-दहाव्या वर्षानंतर मेंदूतली ती वाट बुजत जाते. वर्गात पोरं एका सुरात पाढे म्हणतात ना, तो आपल्याला मूर्खपणा वाटायचा. पण त्यात पाढ्यांपेक्षा हेच जास्त शिकलं जायचं. शेजारची पोर हळू म्हणते म्हणून आपण हळू व्हायचं, पलीकडची ओरडते म्हणून थोडा आवाज चढवायचा. शाळा मुलांना शिकवते कमी आणि रखडवते जास्त, हे तुमचं बरोबर आहे. त्या रखडण्यातच हे होतं."

"म्हणजे शाळेत घाला म्हणता."

"अजून वेळ आहे तोवर घाला. तिचं गणित दोन-तीन वर्षं मागे पडेल. ती रडेल. तुम्हीही रडाल," डॉक्टर हसून म्हणाल्या. "आणि पट्टी पूर्ण बंद."

घरी आल्यावर प्रसन्नने स्वतःच भुंग्याची पट्टी काढून माळ्यावर ठेवली. शब्द दिला की पाळायचा, एवढं त्याचं ठरलेलं होतं.

नदीकाठच्या शाळेत दुसरीचा वर्ग जगदाळे बाईंकडे होता. तीस मुलं, त्यात शाल्मलीची भर. पहिले दोन आठवडे घरात सुतक असल्यासारखे गेले. बाई तेच तेच का सांगतात, मला कळलं तरी दुसऱ्यांसाठी का थांबतात, पोरं मध्येच का बोलतात, असले प्रश्न घेऊन शाल्मली घरी यायची आणि माळ्याकडे बघत बसायची. प्रसन्न बायकोशी तुटक बोलायचा. हर्षदा ऑफिसात पाण्याच्या दाबाचे आकडे बघता बघता डोळे पुसायची.

मग हळूहळू सूर लागला. शाल्मली सकाळी न सांगता तयार होऊ लागली. दप्तरात चिंचा सापडू लागल्या. आणि संक्रांतीच्या सुमारास एकदा डबा भरताना ती म्हणाली, "आई, गवार नको देऊस. आपल्याला गवार आवडत नाही."

हर्षदाच्या हातातला डाव तसाच राहिला. "कुणाला आवडत नाही?"

"आपल्याला," शाल्मली सहज म्हणाली. "आणि उद्यापासून आपण डबा वडाखाली खाणार आहोत."

हर्षदाने प्रसन्नला आतून हाक मारून बोलावलं आणि लेकीला पुन्हा ते वाक्य म्हणायला लावलं. प्रसन्नने ऐकलं. मग तो म्हणाला, "तुझं बरोबर होतं," आणि त्याने शाल्मलीला उचलून घेतलं. आठ वर्षांची घोडी झाली तरी उचलून घेतलं. त्या दिवशी घरात गोड झालं.

शाळेतही आनंदीआनंद होता. जगदाळे बाई भेटेल त्याला सांगत होत्या की एवढा समजूतदार वर्ग नोकरीत पाहिला नाही. पोरांची भांडणं बंद झाली होती. गणितात तर सगळा वर्गच पुढे गेला होता. मधल्या सुट्टीत कुणी कुणाला पाडत नव्हतं. पालक खूश होते. तेजल नावाच्या मुलीची आई हर्षदाला बाजारात भेटली आणि म्हणाली, "अहो, तुमची मुलगी आल्यापासून आमची किती शहाणी झालीये! नुसती वितंडवाद घालायची आधी. आता एका शब्दात ऐकते. एकच झालंय, गवारीच्या शेंगा तिला जीव की प्राण होत्या, त्या आता ताटात घेत नाही. असो, तेवढं चालायचंच."

हर्षदा हसली. घरी पोचेपर्यंत ते हसू गेलं होतं. कशामुळे गेलं हे मात्र तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

डॉ. बागवान फेब्रुवारीत पाहणीसाठी आल्या. पालकांच्या परवानगीने सगळ्या वर्गाला पट्ट्या बांधल्या होत्या. हर्षदा मागच्या बाकावर बसली होती. बाईंनी नेहमीप्रमाणे पाढे म्हणायला सांगितले.

"सात एके सात, सात दुणे चौदा," मुलं एका सुरात म्हणू लागली. "सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस, सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास..."

इथे सगळा वर्ग थांबला. एक पूर्ण श्वास. मग पुन्हा एकदम, "सात आठे छप्पन्न."

ती जागा हर्षदाच्या ओळखीची होती. शाल्मली पाच वर्षांची असताना सात आठेपाशी अडायची आणि भुंगा थांबायचा. पुढे पाढा पाठ झाला तरी तो श्वास तसाच राहिला होता. आता एकतीस मुलं तिथे श्वास घेत होती. पाढ्याबरोबर ओठ हलवणाऱ्या जगदाळे बाईही त्याच जागी थांबल्या होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मुलं खेळायला गेल्यावर डॉक्टरांनी पडदा उघडला. तीस निळ्या रेघा होत्या. त्या वेगवेगळ्या ठिकाणांहून निघून केशरी रेघेपाशी गोळा झाल्या होत्या आणि मग तिच्याच बरोबरीने चालल्या होत्या. केशरी रेघ कोल्हापूरला होती तशीच होती.

"ती जुळवून घ्यायला शिकली नाही," हर्षदा म्हणाली.

"नाही. आणि चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला वाटलं, तीस जणांच्या रेट्यापुढे एकीला वाकावं लागेल. हे माझ्या डोक्यातच आलं नाही की वाकता येतं ते या तिसांना. जिथे एक जण कधीच वाकत नाही तिथे बाकीचे वाकतात. त्यांना कुणी सक्ती करत नाही, त्यांना ते बरंच वाटतं. इतकी छान सहलय त्यांना कुठे मिळणार?"

"पण डॉक्टर, ती आता 'आपण' म्हणते! मी स्वतः ऐकलंय. आपण वडाखाली बसणार, आपल्याला गवार आवडत नाही..."

"हर्षदाताई, चहाच्या टपरीवर एखादा छाती काढून म्हणतो, 'आपण नाही बुवा कुणाला घाबरत.' तो किती जणांबद्दल बोलत असतो?"

"एकट्याबद्दल," हर्षदा म्हणाली आणि तिला ते कळलं. "म्हणजे शाल्मली 'मी'च म्हणत होती?"

"तिच्या मनात फरकच नाही. तिला गवार आवडत नाही आणि वर्गाला गवार आवडत नाही, ही तिच्या लेखी एकच गोष्ट आहे. आणि गंमत अशी की आता ती खरीही आहे. तीस डब्यांत गवार नाही. ती लबाड नाही हो, अजिबात नाही. गोड मुलगी आहे. म्हणून तर अवघड आहे."

हर्षदाला तेजलची आई आठवली. वितंडवाद घालणारी, गवार मागून खाणारी एक मुलगी होती, आणि ती आता नव्हती. कुणी तिला मारलं नव्हतं की रागावलं नव्हतं. तिच्या आईलाही ती गेल्याचं समजलं नव्हतं. हर्षदाला मुलीची लाज वाटली नाही, भीती वाटली.

"उपाय काय?"

"तिच्यासारखीच चार मुलं एकत्र बसवून बघितली आम्ही. चार रेडिओ एका खोलीत लावल्यासारखं होतं. प्रत्येक जण आपलंच वाजवतो. तिला तुम्ही घरी ठेवलंत तर ही पोरं दोन-तीन महिन्यांत आपापल्या ठेक्यावर येतील, लहान आहेत. पण शाल्मलीची वाट मग कायमची बुजेल. ती आणि भुंगा, बस. शाळेत ठेवलंत तर तिला माणसं मिळतील. म्हणजे मिळतील असं तिला वाटेल." डॉक्टरांनी पट्ट्या गोळा करायला सुरुवात केली. "मी सांगितलेलं एकदा चुकलंय. या वेळी मी सांगणार नाही. पण ठरवायचं ते लवकर ठरवा. पुढच्या वर्षी या शाळेत घरी शिकलेली आणखी मुलं यायची आहेत. इथला निकाल बघून रांग लागलीये."

हर्षदा आणि प्रसन्न त्यावर आठवडाभर बोलत राहिले. या वेळी भांडण झालं नाही. प्रसन्न म्हणाला, "मला वर्गाने वाकवलं. हिने वर्गाला वाकवलं. दुसरं ऐकताना मला आधी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती तीस पोरं कुणाची तरी आहेत." हर्षदा रडली. आपल्या पोरीला जन्मभर एकटं करायचं की दुसऱ्यांच्या तीस पोरांना तिचा पडसाद करायचं, असा तो हिशेब होता, आणि आई म्हणून तिला पहिलं करवत नव्हतं. तरी शेवटी तिनेच सांगितलं, शाल्मलीला काढून घेऊ. तिच्यासाठी आपण दोघं घरी जमेल ते करू. दुसऱ्याच्या घरातली मुलं पुसून आपलं मूल सुखी करायचं नाही. प्रसन्नने होकार दिला.

शनिवारी पालकसभा होती. हर्षदा एकटीच गेली, कारण प्रसन्नला शिरवळला काम होतं. जाताना ती गाडीत वाक्यं म्हणून बघत होती, म्हणजे ऐन वेळी आवाज कापायला नको. पालक बाकांवर अवघडून बसले होते, मुलं भिंतीपाशी. हर्षदा उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. सहलय म्हणजे काय, पडद्यावर काय दिसलं, पाढ्यातला श्वास, तेजलची गवार. काही लपवलं नाही. "म्हणून मी शाल्मलीला शाळेतून काढतेय," ती म्हणाली. "तुमची मुलं तुम्हाला परत मिळायला हवीत."

कुजबुज झाली. तेजलची आई म्हणाली, "अहो, पण आमची तक्रारच नाही." कुणाचे तरी वडील म्हणाले, "पोरगं शांत झालंय, अभ्यास करतंय. हे नुकसान असेल तर होऊ द्या की." जगदाळे बाई म्हणाल्या की वर्ग मोडू नये असं त्यांना वाटतं. हर्षदा मागे हटली नाही. हे लोक असं बोलणार हे तिला ठाऊक होतं. ज्यांना वाकल्याचं कळत नाही ते तक्रार तरी कशी करणार, असं ती म्हणालीसुद्धा.

तेव्हा बाई म्हणाल्या, "तिलाच विचारू या ना."

शाल्मली भिंतीपासून पुढे आली. ती लगेच बोलली नाही. तिने एक श्वास घेतला, आणि तेवढा वेळ कुणी खोकललं नाही, कुणी बाकावर हललं नाही. हर्षदाही तोंडात आलेलं वाक्य तसंच ठेवून थांबली. मग शाल्मली नेहमीच्या शांत, समजुतीच्या आवाजात म्हणाली, "इथं सगळं छान चाललंय. कुणी रडत नाही. मी गेले तर सगळ्यांना वाईट वाटेल, आणि आईलापण वाटेल. मग कशाला जायचं?"

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. पालकांनी माना डोलावल्या. सभा लवकर आटोपली आणि नंतर सगळ्यांनी वडाखाली चहा घेतला.

संध्याकाळी कोल्हापूरहून डॉ. बागवानांचा फोन आला. "काढलंत का तिला?"

"नाही," हर्षदा म्हणाली. "राहू दे म्हटलं शाळेत."

"अहो, परवा तर तुमचा निर्णय पक्का होता. मला म्हणालात, दुसऱ्यांची मुलं पुसून..."

"हो, म्हणाले होते खरं." हर्षदाने आठवून पाहिलं. ते वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यामागे जे दुखत होतं तेवढं आठवत नव्हतं, आणि त्याची तिला काही चुटपुटही लागली नाही. "पण नीट विचार केला तर तसं काही नाही, डॉक्टर. सगळं छान चाललंय."



"कुणी ठरवलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळ्यांनी मिळून," हर्षदा म्हणाली, आणि ती मनापासून खरं बोलत होती.